थेरीगाथेचे वाचक : पाली पांडित्यातील स्त्रीप्रश्न

खुद्दकनिकायातील 'थेरीगाथा' हा ग्रंथ आकाराने लहान आहे. सोळा निपातांत विभागलेल्या त्र्याहत्तर रचना आणि पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीप्रमाणे ५२२ गाथा, एवढाच त्याचा विस्तार. त्याच्या जोडीचा 'थेरगाथा' हा भिक्खूंचा संग्रह त्याच्या दुपटीहून मोठा आहे. तरीही स्त्रियांच्या नावे जतन केलेल्या काव्याचा जगातील अतिप्राचीन संग्रहांपैकी एक म्हणून या ग्रंथाचे स्थान असामान्य आहे. रिचर्ड पिशेल यांनी १८८३ साली त्याची रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. तेव्हापासून युरोपात आणि भारतात या गाथांवर पुष्कळ लिहिले गेले. प्रस्तुत लेखाचा विषय थेरींपेक्षा त्यांचे वाचक हा आहे.

असा विषय निवडण्याचे कारण आहे. अलीकडे पाली अभ्यासात स्त्रीवादी दृष्टीचा उल्लेख झाला की आपल्याकडील अनेक जाणकार अस्वस्थ होतात. बुद्धवचनाला पाश्चात्त्य 'वाद' चिकटवण्याचा हा उद्योग आहे, असा त्यांचा आक्षेप असतो. हा आक्षेप मला मान्य नाही. गाथा कोणाची, शब्दाचा अर्थ काय, नियम आधी की कथा आधी, हे प्रश्न भाषाशास्त्राचे आणि पाठचिकित्सेचे जुनेच प्रश्न आहेत. पंडितांनी जेथे ते विचारलेच नाहीत, तेथे स्त्रीवादी अभ्यासकांनी विचारले, इतकेच. मात्र या अभ्यासकांच्या नावाने कोणी पाठ सोडून स्वतःचे मन गाथेत घालू लागला, तर त्यालाही तोच निकष लावला पाहिजे.

आरंभ कर्तृत्वाच्या प्रश्नापासून करावा लागतो. कार्ल ऑयगेन नॉयमान यांनी १८९९ साली थेर आणि थेरी यांच्या गाथांचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. दोन्ही संग्रहांवर एकाच मनाचा ठसा आहे आणि ते मन पुरुषाचे आहे, असे त्यांचे मत होते. भिक्खूंच्या गाथा भिक्खूंनी रचल्या का, हा प्रश्न त्या काळात फारसा कोणी तातडीने विचारला नाही. भिक्खुनींच्या गाथांबाबत मात्र संशय आधी आला आणि पुरावा नंतर शोधला गेला. कॅरोलिन ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १९०९ साली केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत या मताचा प्रतिवाद केला. त्यांची पद्धत भावनेची नव्हती. दोन्ही संग्रहांतील विषय, प्रतिमा आणि ध्येयवाचक शब्द त्यांनी समोरासमोर ठेवले आणि थेरींच्या गाथांत विमुक्तीची भाषा प्रमाणाने अधिक येते हे दाखवून दिले. पुढे विंटरनिट्झ यांनी आपल्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासात एक मार्मिक युक्तिवाद केला. भिक्खुनींविषयी भिक्खुसंघाला इतकी आपुलकी कधीच नव्हती की त्याने स्वतः गाथा रचून त्यांच्या पदरात घालाव्यात. तेव्हा स्त्रियांच्या कर्तृत्वाची परंपरा नाकारता न येण्याजोगी होती म्हणूनच त्या गाथा त्यांच्या नावावर राहिल्या, असा त्याचा आशय. संघाच्या अनास्थेतूनच थेरींच्या कर्तृत्वाचा पुरावा निघावा, हे विचार करण्यासारखे आहे.

एक गोष्ट येथे सहज नोंदवतो. ज्या भाषांतरकर्तीने थेरींना त्यांची नावे परत मिळवून दिली, तिचे स्वतःचे नाव मुखपृष्ठावर 'मिसेस ऱ्हिस डेव्हिड्स' असे आहे. संग्रहात 'सुमंगलमाता' नावाची थेरी आहे. तिचे नाव परंपरेने राखले नाही, मुलाचे राखले. दोघींच्या मध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ आहे.

कॅरोलिन बाई १९२३ पासून १९४२ पर्यंत पाली टेक्स्ट सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. 'प्रारंभिक बौद्ध धम्मातील स्त्रिया' हा विषय १९३० साली ग्रंथरूपाने मांडणाऱ्या आय. बी. हॉर्नर १९५९ पासून १९८१ पर्यंत त्याच पदावर होत्या. ग्रीक-लॅटिन अभ्यासाच्या क्षेत्रात स्त्रीप्रश्नाला संघटित रूप येण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले. अमेरिकेतील अभ्यासकांचे त्यासाठीचे मंडळ १९७२ चे, आणि सारा पॉमेरॉय यांचा प्राचीन ग्रीस-रोममधील स्त्रियांवरील ग्रंथ १९७५ चा. त्या मानाने पाली अभ्यासाच्या मुख्य संस्थेत स्त्रिया फार लवकर प्रमुखपदी आल्या. तरी वाचनाच्या सवयी त्यामुळे आपोआप बदलल्या नाहीत. पदावर स्त्री असणे आणि पाठाला स्त्रीच्या बाजूने प्रश्न विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाचनाच्या सवयी म्हणजे काय, हे एका लहान गाथेवरून पाहू. मुत्ता थेरी म्हणते की मी तीन वाकड्या गोष्टींपासून सुटले. त्या तीन गोष्टी म्हणजे उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. पाली शब्द 'उदुक्खल' आणि 'मुसल' आहेत. मराठी वाचकाला त्यांच्यासाठी कोश उघडावा लागत नाही. 'वाकडे' यासाठी आलेला शब्द 'खुज्ज'. आपला 'खुजा' त्याच कुळातला, पण त्याचा अर्थ आता बदलला आहे. गाथा एवढ्यावर थांबत नाही. लगेच पुढे ती म्हणते की मी जन्ममरणापासून सुटले आणि भवाकडे नेणारी तृष्णा मुळासकट उपटली गेली.

आता या गाथेचे दोन प्रकारे वाचन होते. श्रद्धाळू वाचन उखळ-मुसळाकडे एक किरकोळ तपशील म्हणून पाहते आणि झटकन तृष्णाक्षयाकडे जाते. आधुनिक वाचन पहिला अर्धा भाग घेते, घरकामातून आणि नवऱ्यापासून सुटका एवढाच मुद्दा धरते आणि दुसरा अर्धा 'धार्मिक पुरवणी' म्हणून सोडून देते. दोन्ही वाचने अर्धी आहेत. थेरीने एकच शब्द, 'मुत्ता', उखळासाठी वापरला आणि जन्ममरणासाठीही वापरला. तेच तिचे स्वतःचे नावही आहे. या दोन मुक्ती तिला वेगळ्या वाटल्या असत्या तर तिने वेगळे शब्द वापरले असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या पाली वर्गात ही गाथा शिकवताना मी उखळ आणि मुसळ यांना 'वाकडे' का म्हटले असावे याचे लांबलचक विवेचन सुरू केले होते. वस्तूंचा आकार, प्रतीकार्थ, असे बरेच काही. वर्गातील एक वयस्क उपासिका म्हणाल्या, "सर, यात एवढं समजावून सांगण्यासारखं काय आहे? कांडताना पाठ वाकतेच की." घरी येऊन मी धम्मपालांची अट्ठकथा पुन्हा उघडली. तेथे नेमके हेच होते. उखळात धान्य घालताना, वरखाली करताना आणि मुसळाने कांडताना पाठ वाकवावी लागते; म्हणून वाकडे करणारी ही दोन साधनेच वाकडी म्हटली आहेत, नवरा मात्र खरोखरच कुबडा होता, असे अट्ठकथाकार सांगतात. मी ही अट्ठकथा पूर्वी वाचली होती. पण डोळ्यांखालून गेलेले आणि समजलेले यांत अंतर असते.

याच गाथेशेजारी थेरगाथेतील सुमंगल थेराची गाथा ठेवून पाहावी. तोही तीन वाकड्या गोष्टींपासून सुटल्याचा आनंद व्यक्त करतो, जवळजवळ त्याच शब्दांत. त्याच्या तीन गोष्टी म्हणजे विळा, नांगर आणि कुदळ. (पालीतील 'नंगल' आणि 'कुद्दाल' हेही आपल्या शेतात आजवर टिकून आहेत.) दोघेही कष्टकरी आहेत आणि दोघांचीही पाठ कामाने वाकलेली आहे. फरक इतकाच की पुरुषाच्या यादीत तिन्ही जागी अवजारे आहेत. स्त्रीच्या यादीत दोन अवजारे आणि तिसऱ्या जागी माणूस आहे. हा फरक दाखवून देण्यासाठी कोणताही पाश्चात्त्य सिद्धान्त लागत नाही. दोन ग्रंथ एकाच वेळी उघडावे लागतात. दीर्घकाळ ते एकाच वेळी उघडले गेले नाहीत, ही खरी अडचण होती.

दोन संग्रह शेजारी ठेवून वाचण्याचे सर्वांत व्यवस्थित काम कॅथरिन ब्लॅकस्टोन यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले. त्यांच्या निरीक्षणांपैकी शरीराविषयीचे निरीक्षण मला विशेष महत्त्वाचे वाटते. शरीराच्या अनित्यतेचे चिंतन दोन्ही संग्रहांत आहे. पण ते कोणाचे शरीर? थेरगाथेत कुल्ल थेर स्मशानात जातो तेव्हा त्याच्यासमोर टाकून दिलेले स्त्रीचे प्रेत असते. राजदत्ताचा अनुभवही तसाच. नागसमाल भिक्षेसाठी निघतो आणि रस्त्यात नटलेली नर्तकी पाहतो. तिच्यात त्याला मृत्यूने पसरलेला फास दिसतो. थेरीगाथेत असे सहसा होत नाही. अंबपाली ज्या शरीराकडे पाहते ते तिचे स्वतःचे आहे. केस, भुवया, डोळे, दात, आवाज, मान, हात असे एकेक अंग घेऊन ते तारुण्यात कसे होते आणि आता कसे झाले आहे हे ती सांगते, आणि दर वेळी सत्यवादीचे वचन खोटे ठरत नाही असे म्हणते. त्यात स्वतःविषयी घृणा नाही आणि लाजही नाही. एखाद्या मूर्तिकाराने आपलेच शिल्प झिजताना पाहावे तशी ती तटस्थ आहे. अनित्यतेचे भान येण्यासाठी भिक्खूला अनेकदा दुसऱ्याच्या, आणि तेही स्त्रीच्या, शरीराची गरज पडते. भिक्खुनीला ती पडत नाही. लिझ विल्सन यांनी १९९६ साली याच प्रश्नावर अधिक कठोर भूमिका घेतली आणि बौद्ध कथासाहित्यात स्त्रीचे शरीर पुरुषाच्या साधनेचे साधन कसे बनते हे दाखवले. त्यांचे काही निष्कर्ष मला ताणलेले वाटतात, विशेषतः जीवकंबवनिका सुभेच्या कथेबाबत. मागे लागलेल्या धूर्ताला ती आपला डोळा काढून देते तेव्हा कृती करणारी तीच आहे, हे विल्सन यांच्या विवेचनात पुरेसे येत नाही. पण 'पाहतो कोण आणि पाहिले जाते कोणाला' हा त्यांचा प्रश्न पाली अभ्यासाला यापुढे टाळता येणार नाही.

अट्ठकथेकडे पुन्हा वळू, कारण मुत्तेच्या गाथेत तिने साहाय्य केले असले तरी सर्वत्र ती तशी नाही. सोमा थेरीला मार हिणवतो की ऋषींना जे दुष्प्राप्य ते स्थान दोन बोटांच्या प्रज्ञेच्या स्त्रीला मिळणार नाही. मूळ शब्द 'द्वङ्गुलपञ्ञा'. याचा अर्थ काय? थेरीगाथेच्या अट्ठकथेत धम्मपाल सांगतात की स्त्रिया सात-आठ वर्षांच्या वयापासून भात शिजवतात, पण तो शिजला की नाही हे त्यांना नुसते पाहून कळत नाही; शीत काढून दोन बोटांनी चेपून पाहावे लागते. संयुत्तनिकायाच्या अट्ठकथेत मात्र दुसरे स्पष्टीकरण आहे. स्त्रिया कापसाची गुंडी दोन बोटांत धरून सूत तोडतात, म्हणून. एकाच शिवीसाठी दोन अट्ठकथा दोन निरनिराळी घरकामे शोधतात, यावरून त्या शिवीचे मूळ दोघांनाही निश्चित माहीत नव्हते असे अनुमान निघते. शिवी प्रचलित होती, तिचे समर्थन मागाहून आले. आणि समर्थन किती चमत्कारिक! शीत चेपून पाहणे ही अनुभवाने ज्ञान पडताळण्याची रीत आहे. येऊन पाहा, असे सांगणाऱ्या धम्माच्या अट्ठकथेत तीच रीत प्रज्ञेच्या अल्पतेची खूण ठरावी, याची दखल जुन्या भाषांतरकारांपैकी फारशी कोणी घेतली नाही.

सोमेचे उत्तर सुप्रसिद्ध आहे. चित्त सुसमाहित असेल आणि धम्माचे सम्यक दर्शन होत असेल, तर स्त्रीत्वाने काय बिघडणार, असा तिचा प्रतिप्रश्न. पण हाच प्रसंग संयुत्तनिकायाच्या भिक्खुनीसंयुत्तात आला आहे आणि तेथे तिच्या मुखी आणखी एक गाथा आहे: 'मी स्त्री आहे' किंवा 'मी पुरुष आहे' असे ज्याला वाटते, त्याच्याशीच माराने बोलावे, अशा अर्थाची. थेरीगाथेत ही गाथा नाही. एकाच थेरीच्या तोंडचा सर्वांत धारदार विचार एका संकलनात टिकला आणि दुसऱ्यात नाही, हा पाठपरंपरेचा प्रश्न आहे आणि तो स्त्रीप्रश्नही आहे. या दोहोंना वेगळे करता येत नाही.

भारतीय अभ्यासाकडे वळताना अ. स. आळतेकरांचे नाव घ्यावे लागते. प्राचीन भारतातील स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचा १९३८ चा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. वैदिक काळी स्त्रीचा गौरव होता आणि पुढे उत्तरोत्तर अवनती झाली, हा त्याचा आराखडा. उमा चक्रवर्ती यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याची जी चिकित्सा केली तिचा रोख नेमका होता. 'वैदिक स्त्री' म्हणून ज्या स्त्रीचे वर्णन केले जाते ती उच्चकुलीन आर्य स्त्री. मग त्याच वाङ्मयात पदोपदी दिसणारी दासी कुठे गेली? हा प्रश्न बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकांना नवा वाटू नये, कारण थेरीगाथेत ती दासी उभी आहे. पुण्णा ही अनाथपिंडिकाच्या घरच्या दासीची मुलगी. तिच्या जन्माने घरातील मुलांचा शंभर हा आकडा पूर्ण झाला म्हणून तिचे नाव पुण्णा, असे परंपरा सांगते. नाव कसले, मोजदादच ती. मालकिणीच्या शिक्षेच्या आणि शिव्यांच्या भीतीने कडाक्याच्या थंडीत पाण्यात उतरणारी ही दासी त्याच पाण्यात कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की तुला कशाची भीती? स्नानाने पाप धुतले जाते हे त्याचे उत्तर ऐकून ती बेडूक, कासव आणि मगर यांचा स्वर्गाचा हक्क त्याच्यापुढे मांडते, आणि नदी पाप वाहून नेते तर पुण्यही वाहून नेईल हेही दाखवते. स्त्री, दासी आणि तर्कशास्त्रज्ञ या तिन्ही नात्यांनी पुण्णेचा विचार व्हायला हवा. स्त्रीवादी अभ्यासातही काही काळ पहिल्याच नात्याचा विचार झाला, हे मान्य केले पाहिजे. सुसी थारू आणि के. ललिता यांच्या १९९१ सालच्या संकलनाची सुरुवात उमा चक्रवर्ती व कुमकुम रॉय यांनी केलेल्या थेरींच्या गाथांच्या भाषांतराने होते. तेथे थेरी भारतीय स्त्रीलेखनाच्या परंपरेत प्रथमस्थानी आल्या, ही मोठीच गोष्ट झाली. मराठीत आणि महाराष्ट्रात मीना तालीम यांचा प्रारंभिक बौद्ध वाङ्मयातील स्त्रीवरील इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९७२ सालीच प्रसिद्ध केला होता. त्याची चर्चा जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

आता आपल्या लोकांना सर्वांत जिव्हाळ्याच्या, आणि म्हणून सर्वांत अवघड, प्रश्नाकडे येतो. तिपिटकात स्त्रियांविषयी कठोर वचने आहेत. महापरिनिब्बानसुत्तात आनंद विचारतो की स्त्रियांशी कसे वागावे, आणि उत्तर मिळते की त्यांना पाहू नये. विनयात महापजापती गोतमीला आठ गुरुधम्म घालण्यात आले आणि स्त्रियांच्या प्रवेशामुळे सद्धम्माचे आयुष्य निम्मे झाले असे म्हटले आहे. यांचे काय करायचे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली महाबोधि सोसायटीच्या नियतकालिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर जो लेख लिहिला, त्यात पहिला उतारा उत्तरकालीन भिक्खूंनी घुसडलेला आहे अशी भूमिका घेतली. आनंदाच्या प्रश्नाबाबत विनयाचाच आधार घेता येतो. चुल्लवग्गात पहिल्या संगीतीच्या वेळी आनंदावर पाच आरोप ठेवण्यात आले. त्यांपैकी दोन स्त्रियांसंबंधीचे आहेत: त्याने तथागतांच्या देहाचे प्रथम दर्शन स्त्रियांना घेऊ दिले, आणि स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी खटपट केली. स्त्रियांकडे पाहूही नये असे शास्त्याने परिनिर्वाणापूर्वी खुद्द आनंदालाच बजावले असते, तर आरोप ठेवणाऱ्यांच्या हाती याहून मोठे शस्त्र कोणते? ते कोणी वापरत नाही. अनुल्लेखावरून केलेले अनुमान एकटे दुबळे असते, हे मी जाणतो. पण येथे ते विशाखा, मल्लिका आणि अंबपाली यांच्याशी झालेल्या व्यवहाराच्या जोडीने उभे आहे.

गुरुधम्मांबाबत धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात दिलेले कारण मला निर्णायक वाटते. विनयाची रीत अशी की आधी दोष घडतो, मग नियम होतो. येथे मात्र एकही भिक्खुनी अस्तित्वात नसताना नियम तयार आहेत. याला आणखी बळकटी देता येते. आठ गुरुधम्मांपैकी चार, म्हणजे भिक्खू नसलेल्या आवासात वर्षावास न करणे, उपोसथ व उपदेश यांविषयी पृच्छा करणे, दोन्ही संघांपुढे पवारणा करणे आणि भिक्खूला न निंदणे, हे भिक्खुनींच्या पाचित्तियांतही आहेत आणि तेथे प्रत्येकाची स्वतंत्र निदानकथा आहे. कोणी भिक्खुनी तसे वागली, कुरकुर झाली, मग नियम झाला. नियम पहिल्याच दिवशी दिला असेल तर या चार कथा निरर्थक होतात. शिवाय दोन वर्षे शिक्षण घेतलेल्या 'सिक्खमाने'चा उल्लेख गुरुधम्मांत आहे. पहिली भिक्खुनी होण्यापूर्वी सिक्खमाना कोणापाशी शिकत होती? ओस्कार फॉन हिन्यूबर यांनी २००८ साली याहून पुढे जाऊन भिक्खुनीसंघ बुद्धाच्या हयातीनंतरचा असावा असे सुचवले. भिक्खु अनालयो यांनी पाली व चिनी विनयांची तुलना करून ते मत खोडले. मला अनालयोंची बाजू बळकट वाटते.

पण येथेच सावध व्हायला हवे. आपल्या विहारांतील व्याख्यानांत आजकाल एक सोपी पद्धत रूढ झाली आहे: सोयीचे ते बुद्धवचन, गैरसोयीचे ते प्रक्षिप्त. आनंदाच्या उताऱ्याबाबत आणि गुरुधम्मांबाबत कारणे देता येतात. म्हणून अंगुत्तरनिकायात स्त्रीला काळ्या सर्पाची उपमा देणारे जे वचन आहे तेही विनाकारण प्रक्षिप्त ठरत नाही. अॅलन स्पॉनबर्ग यांनी १९९२ सालच्या निबंधात प्रारंभिक बौद्ध वाङ्मयात स्त्रीविषयी एकच भूमिका नसून अनेक सूर आहेत असे दाखवले. विमुक्तिमार्गात स्त्रीचा पूर्ण समावेश, संघाच्या रचनेत पुरुषाचे प्रभुत्व आणि तपस्व्यांचा स्त्रीद्वेष हे त्यांतील प्रमुख. हे सूर एकाच तिपिटकात शेजारी नांदतात. संघात सगळे एका मताचे नव्हते, हे मान्य करण्यात शास्त्याचा अवमान नाही. उलट सगळे अप्रिय काढून टाकले की थेरी कोणाशी झगडत होत्या तेच कळेनासे होते. मारच नसेल तर सोमा कोणाला उत्तर देते?

याच्या उलट टोकाचा दोष २०२० साली अमेरिकेत घडला. मॅटी वाइनगास्ट यांचे थेरींच्या गाथांवरील पुस्तक भाषांतर म्हणून वाचकांपुढे आले आणि खूप वाचले गेले. भिक्खुनींनी आणि पाली जाणकारांनी ते मुळाशी ताडून पाहिले तेव्हा अनेक ठिकाणी मूळ गाथेचा मागमूसही सापडेना. पुढे प्रकाशकाने ते 'थेरींपासून स्फुरलेल्या स्वतंत्र कविता' असे म्हणून नव्याने काढले. पुस्तकामागचा हेतू सहानुभूतीचा होता यात शंका नाही. पण नॉयमान यांनी पुरुषाच्या मनाचा ठसा आहे असे म्हटले होते. येथे आधुनिक पुरुष कवीने तो खरोखरच उमटवला. थेरीचा शब्द संशयाने काढून घेतला काय आणि प्रेमाने बदलला काय, ती मुकीच होते. पाली न शिकता इंग्रजीवरून मराठी भाषांतर करणाऱ्या आपल्या उत्साही मंडळींनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. उखळ-मुसळाचे इंग्रजी करून पुन्हा मराठी करण्याची वेळ निदान आपल्यावर तरी येऊ नये.

हे सर्व केवळ ग्रंथालयातले वाद नाहीत. थेरवादी देशांत भिक्खुनी-उपसंपदेची परंपरा खंडित झाली आणि उभय संघांकडून उपसंपदा घेण्याची अट पुरी होऊ शकत नाही, या आधारावर स्त्रियांना शतकानुशतके नकार मिळाला. ती अट सहाव्या गुरुधम्मातली आहे. १९९६ च्या डिसेंबरात सारनाथ येथे आणि १९९८ साली बोधगया येथे श्रीलंकेतील स्त्रियांना उपसंपदा मिळाली. तिच्या वैधतेवरील चर्चा अजून संपलेली नाही. एका नियमाच्या काळाविषयीचा पाठचिकित्सेचा निर्णय जिवंत स्त्रीच्या चीवराशी जोडलेला आहे.

परंपरेबद्दलच एक शेवटची नोंद. चुल्लवग्गात उप्पलवण्णा थेरीच्या एका अंतेवासिनीची गोष्ट आहे. ती सात वर्षे तथागतांच्या मागे राहून विनय शिकत होती, पण तिची स्मृती दुबळी, शिकलेले पुन:पुन्हा विसरे. म्हणून भिक्खूंनी भिक्खुनींना विनय शिकवावा असे ठरले. एका विसराळू शिष्येवरून सगळ्या भिक्खुनींचे अध्यापन भिक्खूंकडे गेले. परंतु रायगड जिल्ह्यातील कुडा येथे एक ब्राह्मी लेख आहे. त्यात पदुमनिका नावाच्या प्रव्रजितेने लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. पदुमनिका ही नागनिका या प्रव्रजितेची मुलगी, आणि दान देताना तिच्यासोबत तिच्या दोन अंतेवासिनी आहेत, बोधी आणि असाळ्हमिता. आई, मुलगी आणि मुलीच्या शिष्या अशा तीन पिढ्यांची नावे त्या दगडावर आहेत. पोढी आजही पावसाळ्यात भरते.